घरच्या शाळेचे दार

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘होमस्कूलिंग’ हा शब्द आमच्या जिंतूरच्या मोहल्ल्यातही येऊन पोहोचला आहे. कोणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. अमेरिकेतले एखादे धार्मिक ख्रिस्ती कुटुंब, सात-आठ मुले, स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती सगळी बसलेली. आई एकाला बेरीज समजावते, दुसऱ्याकडून वाचून घेते, तान्हे मूल तिच्या मांडीवर. सकाळी प्रार्थना, मग धडे, मग बागेतले काम. तिकडे 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत अशा घरच्या शाळेला कायद्याची मुभा मिळाली होती आणि अशा कुटुंबांची पुस्तके, वेळापत्रके, संघटना सगळे काही आहे. आमच्या बायका तो व्हिडिओ पाहून म्हणतात, “आपा, हे तर आपल्यालाही जमेल. दीनही घरात, दुनियाही घरात. वाईट सोबत नाही, रस्त्यावरची छेडछाड नाही.” मी उर्दू आणि मराठी शिकवते, बी.एड. झालेली आहे, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो.

मी त्यांना अमेरिकेचे सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका ख्रिस्ती घराचे सांगते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी त्या घरात मुलींना आधी घरी शिकवले गेले आणि त्यातून ज्या मुली निघाल्या त्यांची नावे आजही घेतली जातात.

सोराबजी खरशेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी, 1841 मध्ये, ते ख्रिस्ती झाले आणि पुढे पाद्री म्हणून काम करू लागले. त्यांची पत्नी फ्रान्सिना हिला लहानपणी एका इंग्रज जोडप्याने दत्तक घेऊन वाढवले होते. हे कुटुंब नाशिक, बेळगाव आणि मग पुणे असे फिरत राहिले. घर मुलींनी भरलेले होते. मुलगे तीन झाले, त्यांतले दोन तान्हेपणीच गेले आणि एकच भाऊ वाचला. सुशिक्षित आई-बाप, नीटनेटके घर, ओळखीपाळखीचे डॉक्टर, आणि तरीही दोन लेकरे हातची गेली. तो काळच तसा होता. देवीची लस सोडली तर लहान मुलांसाठी दुसरे संरक्षण फारसे नव्हते. एका घरात आठ-दहा मुले म्हणजे एकाला आलेला आजार सगळ्या गाद्यांवरून फिरायचा.

या घरातली कॉर्नेलिया 1866 मध्ये नाशिकला जन्मली. तिचे शिक्षण काही वडिलांकडे घरी आणि काही मिशनच्या शाळांत झाले. घरात इंग्रजी बोलले जाई आणि मांडणीही इंग्रजी धाटणीची होती, पण अंगावर पारशी पद्धतीची साडी असे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांत सगळ्या जाती-धर्मांच्या बायका असत. आईकडे अडीअडचण घेऊन बायका येत. मालमत्तेच्या कागदांवर कारभाऱ्याने फसवून सह्या घेतल्याची कहाणी कॉर्नेलियाने लहानपणी अशाच एका बाईकडून ऐकली. वकील होण्याचे तिच्या मनात तिथून आले, असे तिने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे.

वडील मुलींना घरी शिकवत होते, पण त्यावर समाधान मानून बसले नाहीत. मुंबई विद्यापीठाने मुलींना पदवीसाठी प्रवेश द्यावा म्हणून त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. मोठ्या मुलींच्या वेळी जे झाले नाही ते कॉर्नेलियाच्या वेळी झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. गुण इतके होते की मुलगा असता तर सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेला असता. मुलगी म्हणून ती नाकारली गेली. मग तिकडच्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला गेली, 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी मात्र हातात पडली 1922 मध्ये, कारण 1920 पर्यंत ते विद्यापीठ बायकांना पदवी देतच नव्हते. मधल्या काळात, 1904 पासून, ती बंगाल-बिहारकडच्या पडदानशीन हिंदू-मुस्लिम जमीनदार बायकांची सरकारी सल्लागार होती. जनानखान्यात जाऊन त्यांचे कागद वाचून दाखवायची. तिचे राजकारण मला पटत नाही, ती इंग्रजांच्या बाजूची होती, गांधीजींच्या विरोधात बोलायची. पण ज्या बाईला परक्या पुरुषासमोर येता येत नाही तिच्यापर्यंत कायदा कोणीतरी नेला पाहिजे, हे तिला कळले होते.

आणि आई? फ्रान्सिनाने 1876 मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. शिवाय मराठी, गुजराती आणि उर्दू मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. मुस्लिम मुलांसाठी उर्दू शाळा एका पाद्र्याच्या बायकोने काढावी याचे आपल्याला आज नवल वाटते. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, तो मी झाकत नाही. अकीदा त्यांचा त्यांच्यापाशी. मला एवढेच दाखवायचे आहे की जी आई आपल्या मुलींना घरात शिकवत होती, तिने त्याच हाताने इतरांच्या मुलांसाठी शाळा उघडली. तिची एक मुलगी सूझी हिने पुण्यात सेंट हेलेनाज शाळा काढली. दुसरी, अ‍ॅलिस, लंडनला शिकून डॉक्टर झाली आणि डॉ. पेनेल यांच्याशी लग्न करून सरहद्दीवर बन्नूला गेली. ते गाव आता पाकिस्तानात आहे. तिथल्या पठाण बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायच्या नाहीत, त्यांना बाई डॉक्टर मिळाली. नवरा 1912 मध्ये रुग्णाकडून आलेल्या जंतुसंसर्गाने गेला, तरी तिने वैद्यकी सोडली नाही.

पंडिता रमाबाईंचेही शिक्षण असेच घरचे, ख्रिस्ती होण्याच्या फार आधीचे. वडील अनंतशास्त्री यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवले, मग आईने मुलीला. पण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. ज्या मुलीला घरात संस्कृत शिकवले गेले तिने 1882 मध्ये हंटर आयोगासमोर काय मागितले? बायकांना शिक्षिका म्हणून तयार करा आणि त्यांना वैद्यकीय शिक्षण द्या.

आपल्यातही हे होतेच. बंगालच्या बेगम रुकैया यांना मोठ्या भावाने रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात शिकवले. त्यांनी 1911 मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली. आमच्या घरी दादीला उस्तानीने कुरआन आणि उर्दू वाचायला शिकवले होते. निजामाच्या काळातल्या जमिनीचे उर्दू कागद आमच्या घरात तिलाच वाचता यायचे, आजोबांना नाही. तेव्हा घरची तालीम कमी दर्जाची असे मी म्हणणार नाही. मी तिचीच नात आहे.

पण आज आमच्या मोहल्ल्यात घरची शाळा म्हणजे काय होते ते मी पाहते आहे. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी आठवीत होती. अभ्यासात बरी, मराठीचा निबंध लिहायला बसली की दोन पाने भरायची. शाळा दूर, रस्त्यावर मुलांचे टोळके, म्हणून अब्बांनी ठरवले की दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवायची नाही. अम्मी म्हणाली, “आपा, शाळा सोडवत नाही. घरी शिकवणार. होमस्कूलिंग.” मी म्हटले, चांगले आहे, तिचा दिवस मला लिहून द्या. फजरपासून इशापर्यंत.

त्यांनी तोंडी सांगितले, मी लिहिले. फजर, कुरआन, मग पाणी भरणे. नळ एक दिवसाआड येतो, त्या दिवशी दोन तास त्यातच जातात. चहा, नाश्ता, लहान दोन भावांना शाळेसाठी तयार करणे, भांडी. मग सव्वा वर्षाच्या बहिणीला सांभाळणे, कारण अम्मी पोटुशी आहे आणि तिला उभे राहवत नाही. दुपारी भाकरी, कपडे. असरनंतर भावांचा गृहपाठ तिनेच घ्यायचा. मगरीबनंतर पुन्हा स्वयंपाक. धडे कधी? “इशाच्या आधी, वेळ मिळाला तर.” त्या कागदावर शिक्षिका सापडली, पण ती मुलगीच होती. विद्यार्थिनी कुठेच नव्हती.

ती बाई काही वाईट आई नाही. पाचवे बाळंतपण जवळ आलेल्या आणि पायाला सूज असलेल्या बाईकडून कोणते वेळापत्रक मागणार? फ्रान्सिनाकडे नोकरचाकर होते, नवरा स्वतः शिकवणारा होता. व्हिडिओतल्या आईकडे कपडे धुण्याचे यंत्र आहे, भांड्यांचेही आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. ते यंत्र व्हिडिओत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी मोजत नाही. शाळेत मुलीला नुसते धडे मिळत नाहीत. आठवीपर्यंत दुपारचा आहार मिळतो. दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. जंताची गोळी मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येऊन डोळे, दात, वजन तपासते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन बहुधा शाळेतच दिले जाते. नियमाने या गोळ्या शाळेबाहेरच्या मुलींनाही अंगणवाडीतून मिळायला हव्यात. पण त्यासाठी मुलीने अंगणवाडीत जावे लागते आणि तेरा वर्षांची मुलगी लहान लेकरांच्या रांगेत उभी राहत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. 2018 च्या गोवर-रुबेला मोहिमेत आमच्याही शाळेत काही पालकांनी इंजेक्शनच्या दिवशी मुले घरी ठेवली होती. मग 2022 च्या नोव्हेंबरात गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवर पसरला. त्या बातम्यांतल्या वस्त्या कोणाच्या होत्या ते सांगायला नको. मोठ्या घरात गोवर आला की एका लेकरावर थांबत नाही.

त्या मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरी होती. मी दोघींना, आईला आणि लेकीला, आरोग्य केंद्रात नेले. मुलीचे हिमोग्लोबिन 8.4 निघाले, आईचे 7.9. नर्सबाईंनी मुलीला रोजच्या गोळ्या लिहून दिल्या, चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळून पाण्याबरोबर घे म्हणाल्या. आईला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली.

अब्बांशी बोलायला मी माझ्या मियांना सोबत घेऊन गेले. एकटी गेले असते तर ते उठून बाहेर गेले असते. मी त्यांना कायदाही सांगितला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि त्यात घरच्या शाळेची वेगळी तरतूद नाही. ज्यांना खरोखर घरीच शिकवायचे आहे त्यांच्यासाठी 1989 पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, उर्दूतूनही दहावी देता येते. आपल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्मही आहे. पण दोन्हीकडे शेवटी परीक्षेच्या हॉलमध्ये बसावेच लागते. परीक्षा कुठली द्यायची, कोण शिकवणार, पुस्तके कधी आणणार, याचे उत्तर असेल तर मीच फॉर्म भरून देते म्हटले. त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांचा खरा प्रश्न रस्त्याचा होता, आणि तो खोटा नाही. तो प्रश्न गोळीने सुटत नाही आणि माझ्या भाषणानेही नाही.

शेवटी गल्लीतल्या पाच मुलींसाठी एका ओळखीच्या, वयस्क रिक्षावाल्याशी बोलणे झाले. महिन्याचे पैसे पाच घरांत वाटले. एका घराला जमत नव्हते, त्यांचे आम्ही दोघे भरतो. पाणी आता भावांपैकी थोरला भरतो. अकरा वर्षांचा आहे, सुरुवातीला रडला, आता भरतो. बाळंतपणाचा महिना मुलगी घरीच राहिली. ते मला मान्यच होते, आईला दुसरे कोण होते? त्या महिन्याचे धडे संध्याकाळी माझ्या ओट्यावर झाले, तिच्याबरोबर आणखी दोघी येऊन बसायच्या. बाळ अल्लाहच्या कृपेने ठीक आहे, आईला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या.

मुलगी आता नववीत आहे. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन 11.2 होते, अजून बारा व्हायचे आहे. अब्बा अजूनही म्हणतात, दहावीनंतर बघू. मी त्यांना हो म्हणते. दहावीला अजून दीड वर्ष आहे, आणि रिक्षा रोज सकाळी सव्वानऊला गल्लीच्या तोंडाशी येते.