भरवणारे नाव

मराठी व्याकरणात 'भारत' हे नाम पुल्लिंगी आहे. 'देश' हाही पुल्लिंगी, आणि 'राष्ट्र' नपुंसकलिंगी. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताच्या नावातदेखील महाराष्ट्र 'माझा' आहे, 'माझी' नाही. तरीही याच पुल्लिंगी 'भारता'ला 'माता' हे पद जोडले गेले की आपल्या कानाला काहीही खटकत नाही. तो देश क्षणात ती आई होतो. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. सवयीच्या शब्दांचे असेच असते. ते इतके जवळचे असतात की त्यांच्याकडे पाहायचे राहून जाते.

आम्हाला तो विचार करावा लागला, याचे कारण आमचे गाव. वसईच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेले गोखिवरे आज निव्वळ गाव राहिलेले नाही. कारखान्यांचे गाळे, त्यांच्या आडोशाने वाढलेल्या चाळी, आणि त्या चाळींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, केरळ, तामिळनाडू अशा दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे. रविवारच्या मिस्सेला आमच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याची मातृभाषा कोणती असेल, हे आधी सांगता येत नाही. पंधरा ऑगस्टला मात्र शाळेच्या मैदानापासून गाळ्यांच्या फाटकापर्यंत सगळीकडे एकच घोष उठतो, आणि त्या घोषात हे एक नाव सर्वांच्या तोंडी असते.

त्याच दिवसांत धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे चुणचुणीत मूल विचारते, "स्वर्गातली आई पवित्र मरिया, घरातली आई आपली आई, मग भारतमाता कोणाची आई?" प्रश्न निरागस असतो. पण याच प्रश्नाची एक काटेरी बाजूही आम्ही अनुभवली आहे. आमच्यापैकी कोणी भाड्याची खोली शोधायला जावे, आडनाव ऐकताच समोरच्याच्या कपाळाला आठी पडावी, आणि "तुम्ही मूळचे कुठले? तुम्ही लोक भारतमाता म्हणता ना?" असे त्याने विचारावे, हे घडलेले आहे. शतकानुशतके याच मातीत भात, केळी आणि पानवेली पिकवणाऱ्यांच्या लेकराला आईचे नाव सांगून आपली ओळख पटवावी लागते, तेव्हा मन दुखावते. दुखावलेल्या मनाने उत्तर देऊ नये. म्हणून आम्ही त्या शब्दालाच विचारायचे ठरविले, की बाबा, तू मूळचा कुठला?

शब्दाने पहिले उत्तर दिले ते असे. 'भारत' म्हणजे भरताचा, भरताच्या वंशातला. हा भरत कोण, याविषयी परंपरा एकमुखी नाहीत. ऋग्वेदात भरत नावाचे एक जन येतात. भागवत पुराण आणि जैन परंपरा ऋषभदेवाच्या पुत्राकडे बोट दाखवितात. महाभारत मात्र दुष्यंत आणि शकुंतला यांच्या पुत्राची कथा सांगते. आता 'भारतमाता' या समासाचा विग्रह 'भारत हीच माता' असा न करता 'भारताची माता' असा केला, आणि मूळ पुरुषाकडे गेलो, तर महाभारताच्या कथेप्रमाणे ती माता कोण ठरते? शकुंतला! आश्रमात वाढलेली, लहानग्याचा हात धरून राजसभेत उभी राहिलेली, आणि भर सभेत जिची ओळख नाकारली गेली ती स्त्री. तिच्याकडे कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. या देशाच्या नावाच्या उगमाशी ओळख नाकारलेली एक आई उभी आहे, हे कळल्यावर खोली शोधणाऱ्या आमच्या माणसाचे दुःख आम्हाला एकट्याचे वाटेनासे झाले.

त्या कथेत पुढे आकाशवाणी होते. राजाला ती बजावते की हा तुझाच पुत्र आहे, याचे भरण कर. आणि ज्याचे भरण करायचे तो भरत, अशी नावाची व्युत्पत्तीही कथाच सांगते. या व्युत्पत्तीमागे संस्कृतातील 'भृ' हा धातू आहे. त्याचा अर्थ धारण करणे, वाहून नेणे, पोसणे. भार, भरण-पोषण, भार्या, भर्ता आणि आपल्या ओव्यांतला भ्रतार ही सगळी याच धातूची लेकरे. इंग्रजीत ओझे वाहणे आणि मूल जन्माला घालणे या दोन्हींसाठी जे 'बेअर' हे क्रियापद वापरतात, तेही याच कुळातले. आणि आपले 'भरणे', त्यावरून 'भरवणे'? तेही याच घरचे. मांडीवरच्या बाळाला आई मऊ भाताचा घास भरवते, तेव्हा तिच्या हातात जे क्रियापद असते, त्याच क्रियापदाचे बीज आपल्या देशाच्या नावात आहे.

आम्हाला वाटते, शब्दाचे खरे गुपित इथेच आहे. नाव पुरुषाचे आहे, पण नावातली क्रिया आईची आहे. 'माता' हे पद खूप नंतर जोडले गेले. आईपण मात्र नावाच्या मुळातच होते.

देशाला स्त्रीरूपात पाहणे हे केवळ आपलेच वैशिष्ट्य नव्हे. सिंधू नदीच्या नावावरून इराणी लोकांनी 'हिंदू' हा उच्चार केला, ग्रीकांनी तो 'इंडोस' केला, आणि त्या नदीच्या प्रदेशाला 'इंडिया' म्हटले. ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही भाषांत 'इंडिया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्या भाषेतही 'इंडिया' स्त्रीलिंगीच होता. म्हणजे भारत 'तो' आणि इंडिया 'ती' अशी दोन्ही रूपे आमच्या किनाऱ्यावर एकाच काळी नांदली. ज्या मुंबईच्या दिशेने आमच्या लोकलगाड्या रोज धावतात, तिच्या नावातही मुंबा ही 'आई' होऊन बसली आहे.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना तर हा प्रवास अधिकच ओळखीचा वाटेल. 'इस्राएल' हे मुळात एका पुरुषाचे, याकोबाचे, उत्पत्तीच्या पुस्तकात त्याला मिळालेले नवे नाव. पण संदेष्ट्यांच्या मुखी त्याच प्रजेची नगरी सियोनकन्या होते. विलापगीताच्या पहिल्याच अध्यायात उद्ध्वस्त यरुशलेम विधवेसारखी एकाकी बसलेली दिसते. यशयाच्या अखेरच्या अध्यायात तीच नगरी लेकरांना दूध पाजणारी आई होते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम पाडले, आणि विजयाची नाणी पाडताना त्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करीत बसलेली एक स्त्री कोरली. ती होती जिंकलेली यहूदिया. विजेत्यांनी तिला अपमानासाठी स्त्री केले. संदेष्ट्यांनी तिला सांत्वनासाठी आई केले. रूप एकच, पण हेतूंत केवढे अंतर!

आपल्याकडेही आईचे हे रूप ठळक झाले ते पारतंत्र्यात. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो याच वसईत. मराठी सत्तेच्या स्वातंत्र्याला लागलेली ती मोठी ओहोटी होती. पुढे १८७७ च्या पहिल्या दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. सिंहासनावर एक परकी स्त्री विराजमान होत असताना लोकांच्या मनात दुसरी, दीनवाणी पण आपली, अशी स्त्री आकार घेत होती. १८७३ साली किरणचंद्र बंद्योपाध्याय यांचे 'भारतमाता' हे बंगाली नाटक रंगभूमीवर आले. १८८२ मध्ये बंकिमचंद्रांची 'आनंदमठ' कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील 'वंदे मातरम्' या गीतात आई आहे, पण 'भारत' हा शब्द कुठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९०५ मध्ये, बंगालच्या फाळणीच्या क्षोभात, अवनींद्रनाथ ठाकूर यांनी एक चित्र रंगविले. त्याला आरंभी 'बंगमाता' म्हटले गेले, नंतर ते 'भारतमाता' म्हणून प्रसिद्धी पावले. भगव्या वस्त्रातील त्या स्त्रीला चार हात आहेत. एका हातात धान्याच्या ओंब्या, दुसऱ्यात वस्त्र, तिसऱ्यात पोथी आणि चौथ्यात जपमाळ. शस्त्र एकाही हातात नाही! पुढच्या काळात भारतमातेची कितीतरी चित्रे निघाली. कुठे तिच्या हाती ध्वज आला, कुठे शस्त्र, कुठे सोबतीला सिंह. पण या चित्रातली आई फक्त देणारी आहे: अन्न, वस्त्र, विद्या आणि प्रार्थना. 'भृ' धातूचा अर्थ चित्रकाराने जणू रंगांनी लिहिला.

महाराष्ट्राचाही या कथेत एक नाजूक धागा आहे. काशीचे शिवप्रसाद गुप्त १९१३ मध्ये पुण्यास आले असता त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्या विधवाश्रमाला भेट दिली. तिथे जमिनीवर मातीत उठावाने केलेला भारताचा नकाशा त्यांनी पाहिला. त्यातून त्यांना भारतमातेच्या मंदिराची कल्पना स्फुरली. महात्मा गांधींच्या हस्ते १९३६ मध्ये वाराणसीत त्या मंदिराचे उद्घाटन झाले. त्यात मूर्ती नाही. संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे. ज्या स्त्रियांना समाजाने घरातला कोपरा दाखवला होता, त्यांच्या आश्रमाच्या जमिनीवरून ही प्रतिमा काशीला पोहोचली, हे आपण विसरू नये.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीने 'वंदे मातरम्' ची पहिली दोनच कडवी सभांतून गावी असे ठरविले. नंतरच्या कडव्यांतील देवीरूपाविषयी काही बांधवांच्या मनात संकोच होता, आणि त्या संकोचाला धुरिणांनी देशद्रोह म्हटले नाही. ज्याच्या ओठांवर एखादा शब्द अडखळतो, त्यालाही घरात जागा असली पाहिजे, हे त्यांना उमगले होते. १९४६ च्या आपल्या ग्रंथात जवाहरलाल नेहरूंनी सांगितले आहे की सभांना जमलेल्या शेतकऱ्यांना ते विचारीत, ही भारतमाता कोण? कोणी माती म्हणे, कोणी धरती. नेहरू त्यात भर घालीत की नद्या-डोंगर तर खरेच, पण त्याहून अधिक म्हणजे या देशात पसरलेली तुम्हीच सारी माणसे. १८ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने जे पहिले कलम संमत केले, त्यात देशाची 'इंडिया' आणि 'भारत' ही दोन्ही नावे एकत्र आली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आम्हा कॅथलिकांना तर 'आई' या शब्दाच्या अनेक पायऱ्या ठाऊक आहेत. आम्ही पवित्र मरियेला आई म्हणतो, तिचा सन्मान करतो. आराधना मात्र केवळ परमेश्वराची करतो. ख्रिस्तसभेलाही आम्ही माता म्हणतो. आई म्हणणे आणि देव मानणे यांतला भेद आम्हाला लहानपणापासून शिकविला जातो. तेव्हा ज्या भूमीने आम्हाला धान्य, वस्त्र, विद्या आणि प्रार्थनेची मोकळीक दिली, तिला आई म्हणताना आमच्या श्रद्धेला धक्का का लागावा? १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कवितेतील देशप्रेम धर्मांतराने आटले नाही. ख्रिस्तभक्ती आणि देशभक्ती यांचे त्यांच्या अंतःकरणात कधी भांडण झाले नाही.

आणि खोली नाकारणाऱ्याला? त्याला आम्ही एवढेच सांगू, की आईचे नाव ही परीक्षेची प्रश्नपत्रिका नव्हे. एकदा तिला आई म्हटले की आपण दोघे भावंडे झालो, आणि भावाने भावाकडे जन्माचा पुरावा मागायचा नसतो. जो घोष भावंडांना जवळ आणतो तो आईच्या कानी पोहोचतो; जो एकमेकांना दाराबाहेर उभे करण्यासाठी केला जातो, त्याने तिची मान खाली जाते.

देशाला स्त्रीरूप देणाऱ्या आपण सर्वांनी आणखी एक हिशेब स्वतःशी मांडावा. गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून पाळी संपवून बायका घरी परततात, तेव्हा त्यांच्या वाट्याला पाण्याचे हंडे, चूल आणि उद्याची चिंता असते. कोणी ओडिशाची, कोणी झारखंडची, कोणी आमच्याच वाडीतली. खोलीच्या उंबऱ्याशी बसून त्या लेकराला घास भरवतात, आणि अनेकदा शेजारच्या चाळीतल्या, आई अजून कामावरून न परतलेल्या, वेगळ्या भाषेच्या पोरालाही त्याच ताटातला एक घास देतात. घास देताना त्या त्याचे आडनाव विचारीत नाहीत. 'भारत' या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी शिकविलेला नसतो. तो त्यांच्या हातांना येतो.