५०चे १०० करताना

एका पिकोसेकंदात प्रकाश जेमतेम ०.३ मिलिमीटर पुढे सरकतो. आमच्या बोर्डावरच्या क्लॉकचा जिटर याच्याही दहाव्या हिश्शात, म्हणजे १०० फेम्टोसेकंदांत बसवायचा होता. ऐकणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटेल. पण एडीसी कितीही महागडा घ्या, त्याच्या क्लॉकला १ पिकोसेकंदाचा जिटर असला की १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी सिग्नल-टू-नॉइज रेशो ६४ डेसिबलच्या वर जात नाही. सिग्नल १ गिगाहर्ट्झचा असेल, तर ४४च.

क्लॉक जितका कमी पटीने गुणावा लागेल, तितका नॉइज कमी. मग वेगवान क्रिस्टलच का लावू नये? क्वार्ट्झची चकती जितकी पातळ, तितकी तिची वारंवारता जास्त. नेहमीच्या एटी कटमध्ये ५० मेगाहर्ट्झला जाडी उरते सुमारे ३३ मायक्रॉन, केसाहूनही कमी. आणखी घासायची म्हणजे किंमतही वाढते आणि नाजूकपणाही. म्हणून क्रिस्टल ५०चाच ठेवून पीएलएल त्याला ४०ने (हाच एन) गुणत होता आणि २ गिगाहर्ट्झ देत होता. त्या गुणाकारात फेज डिटेक्टर आणि चार्ज पंपाचा नॉइजही ३२ डेसिबलने फुगून बाहेर येतो.

“डबलर चालू कर, एन अर्धा होऊ दे,” मॅडम म्हणाल्या.

डबलर म्हणजे तरी काय, एक एक्सॉर गेट. एका पायाला क्लॉक, दुसऱ्याला तोच क्लॉक थोडा उशिरा. चढत्या एजला एक पल्स, उतरत्या एजला एक. ५०चे १०० झाले, एन ४०वरून २०वर आला. हिशेबाने ६ डेसिबल वाचायला हवेत. पण डिटेक्टर आता दुप्पट वेळा तुलना करतो, त्याचे ३ परत द्यावे लागतात. अ‍ॅनालायझरवरची रेघही साधारण तेवढीच, ३ डेसिबलने, खाली आली.

आणि २ गिगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, बरोबर ५० मेगाहर्ट्झवर, दोन सुळके उभे राहिले.

मॅडमनी पीएलएलकडे पाहिलंही नाही. स्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या बफरवर. ड्यूटी सायकल ५२ टक्के! २० नॅनोसेकंदांच्या आवर्तनात क्लॉक १०.४ वर, ९.६ खाली. साध्या पीएलएलला याचं सोयरसुतक नसतं, तो एकाच जातीच्या एजकडे बघतो. डबलर मात्र दोन्ही वापरतो, त्यामुळे पल्स लंगडत येतात: १०.४, ९.६, पुन्हा १०.४. दर खेपेला ४०० पिकोसेकंदांची चूक, आमच्या उद्दिष्टाच्या चार हजार पट. ती ठरावीक लयीत येते म्हणून नॉइज न होता स्पर, म्हणजे सुळका, होते. लूप फिल्टर तिला बरंच दाबतो, पुरतं नाही.

बफरचा थ्रेशोल्ड किंचित सरकवला, तसे सुळके खचत गेले. पुढच्या बोर्डावर हे काम ड्यूटी सायकल दुरुस्त करणाऱ्या वेगळ्या लूपकडे गेलं.

खुद्द क्रिस्टलच्या नॉइजवर मात्र डबलरचं काही चालत नाही. दुप्पट करताना हा नॉइज ६ डेसिबल वाढतो, एन अर्धा झाल्यावर तेवढाच कमी होतो. त्याच बोर्डावर स्वस्तातला ऑसिलेटर लावून पाहिला, तर डबलर चालू असो वा बंद, कॅरियरजवळची रेघ जागची हलली नाही.