घरासकट

मांजर आजारी पडलं की सांगत नाही, लपतं. कपाटामागे, गादीखाली, न घडी केलेल्या कपड्यांच्या ढिगात. दुबळं दिसलो तर कुणीतरी झडप घालेल, ही त्याच्या रक्तातली भीती चार भिंतींच्या आतही जात नाही. म्हणून मांजर पाळणाऱ्याला बारीकसारीक खुणा वाचायला शिकावं लागतं. सकाळची वाटी तशीच राहिली. अंगावरची लव विस्कटलीय, म्हणजे चाटणं थांबलंय. बोका वाळूत पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय आणि लघवीचा थेंबही पडत नाही, असं दिसलं तर तासाचाही उशीर करायचा नाही. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एकदोन दिवसांत जिवावर बेततं.

दवाखान्यात जायला निघायचं मात्र होत नाही. न्यायची पेटी दिसताच मांजर पलंगाखाली जातं, मोठी माणसं झाडू घेऊन वाकलेली, मुलं रडवेली, कुणाच्या तरी मनगटावर ओरखडे. मग घरातलं एक जण म्हणतं, "आजची रात्र बघू." आणि ते सगळ्यांनाच पटतं. दुखण्याइतकीच ही टाळाटाळ मांजराच्या मुळावर येते, असं मी इतक्या वर्षांच्या सहवासातून म्हणते. मांजराची भीती कमी करणं हे लाड नव्हेत. उपचार तिथूनच सुरू होतात.

कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. हे घर मांजराने वासाने बांधलेलं असतं. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला ते गाल घासतं तेव्हा गालातल्या ग्रंथींचा अंश तिथे राहतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मांजराच्या टाळूत मात्र वास टिपणारं एक जादा इंद्रिय असतं आणि रोजच्या रोज घासून ते आपल्या मुलखाच्या सीमा ताज्या करत असतं. अशा जिवाला आपण एका सकाळी माळ्यावरून काढलेल्या, धुळीचा नि फिनाइलचा वास मारणाऱ्या पेटीत कोंबतो. त्याच्यापुरतं त्या क्षणी घरच नाहीसं होतं.

खरं तर प्रवासाचं त्याला वावडं नाही. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. व्यायलेली मांजरी जागा बदलताना पाहावी. आधी एकटीच जाऊन कोपरा हुंगते, परत येते, मग एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. जागा तिने पारखलेली असते आणि मागे लागलेलं कुणी नसतं. एवढ्या दोन गोष्टी आपण सांभाळल्या तर दवाखान्याची वाटही तिला सोसते.

आमच्या चिंगीची पेटी म्हणूनच माळ्यावर नाही, हॉलमध्ये खिडकीखाली असते. कडक प्लास्टिकची, वरचं झाकण अख्खं निघणारी. आत आईने शिवलेल्या गोधडीचा तुकडा आहे. जुन्या सुती लुगड्यांचे थर, त्यावर ओळीने धावदोरा, एका कडेला इरकलीचा हिरवट काठ. चिंगी पुढचे पाय आळीपाळीने दाबत तो तुकडा मळत बसते, त्यामुळे मधले टाके सुटून दोऱ्यांच्या बारीक फासळ्या वर आल्यात. मी तो तुकडा क्वचितच धुते. सुक्या जवळ्याची चिमूट कधीकधी त्यावरच टाकते. पेटीची सवय लागताना दार आधी काढूनच ठेवलं होतं; मग लावलं, क्षणभर मिटलं, मग पेटी उचलून जिन्यापर्यंत नेऊन आणली. मऊ फडकं तिच्या गालावरून फिरवून तेच पेटीला आतून पुसलं. त्या वासाची नक्कल असलेला फवाराही बाजारात मिळतो. तो मांजर आत शिरण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मारायचा, म्हणजे त्यातल्या स्पिरिटचा दर्प उडून जातो.

जायच्या दिवशी आवाज उतरवायचा, घाई आपल्यापाशी ठेवायची. पोट हलकं असलं की वाटेत उलटी होत नाही. मात्र किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून. पेटी कडीला धरून झुलवत न्यायची नाही, खालून दोन्ही हातांनी धरायची. वरून पंचा टाकला की अर्धं जग दिसेनासं होतं. माणसाचे कान सेकंदाला वीस हजार कंपनांपाशी थांबतात, मांजराचे साठ हजारांच्याही पुढे जातात. ब्रेकचं करकरणं, हॉर्न, विसर्जनाचे ताशे त्या कानांत कसे शिरत असतील! रिक्षात बसताना मी सांगते, "काका, जरा सावकाश घ्या, आजारी मांजर आहे." आणि रिक्षावाले काका खड्डे चुकवत नेतात, सिग्नलला मागे वळून विचारतात, "काय झालंय हो तिला?" मुंबईत अशी आस्था अजून आहे, मागितली की मिळते.

परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते १८८३ सालचं. शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. तेव्हा शहराचा भार बैलांच्या खांद्यांवर होता आणि ट्राम घोडे ओढत होते. कोणत्या जनावरांची काळजी आधी सुचली ते त्या नावात राहिलंय. मांजर या दालनात उशिरा आलं, आणि आजही बहुतेक दवाखान्यांत त्याला भुंकणाऱ्या कुत्र्यांशेजारी ताटकळावं लागतं. म्हणून आधी फोन करून कमी गर्दीची वेळ विचारावी. पेटी जमिनीवर ठेवू नये. मांडीवर किंवा खुर्चीवर घ्यावी, तोंड आपल्याकडे वळवावं. बाहेर थांबून नंबर आल्यावर आत जायलाही बहुतेक ठिकाणी हरकत नसते.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, तिला बाहेर ओढू नका, झाकण काढा." पेटीच्या खालच्या अर्ध्या भागात, त्याच गोधडीवर बसलेल्या चिंगीला त्यांनी तपासलं. मानेची कातडी न आवळता पंचाच्या घडीतून एकेक पाय मोकळा केला. घाबरलेल्या मांजराची नाडी धावते, रक्तातली साखरही वाढते. भीतीचे आकडे आजाराचे म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. मांजर शांत असेल तर निदानही खरं होतं. तपासणी चालू असताना मी चिंगीकडे टक लावून पाहत नाही, डोळे हळू मिटते, हळू उघडते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून पाहिलं: अशी सावकाश पापणी मिटवणाऱ्या माणसाला मांजरं तशीच पापणी मिटून उत्तर देतात, अनोळखी असला तरी त्याच्याजवळ येतात.

काही मांजरांची भीती एवढ्याने आटोक्यात येत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिनसारखं औषध निघण्याच्या दोनतीन तास आधी द्यायला सांगतात. ते जरूर मागावं, त्यात कमीपणा नाही. पण मात्रा डॉक्टरांचीच. घरातली तापाची गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही, एका गोळीनेही जीव जातो.

परत आल्यावर घरातलं दुसरं मांजर फिसकारतं. त्याला राग आलेला नसतो. दवाखान्याचा वास घेऊन आलेली सखी त्याला परकी वाटते. काही तास दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं, एकाचं फडकं दुसऱ्याकडे द्यावं, घराचा वास चढू द्यावा.

या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही, आधीची तयारी लागते. आणि ती दुखणं आल्यावर करता येत नाही. जे मांजर एकदा न भेदरता जाऊन आलं, त्याला पुढच्या वेळी आपण वेळेवर नेतो, पहिल्या उपाशी दिवशीच नेतो, आणि लवकर नेल्याने अनेक आजार आटोक्यात राहतात. तेव्हा तुमचं मांजर आज धडधाकट असेल, उन्हात लोळत असेल, तर आजच पेटी खाली काढा, पुसून घ्या, आत तुमचा एखादा वापरलेला, मऊ झालेला कपडा अंथरा आणि दार सताड उघडं ठेवा.