मुंबईची ३९ मिनिटं

"सोप्पंय रे, सगळं यूटीसीत साठवायचं, दाखवताना साडेपाच तास मिळवायचे!" असं टीममध्ये कुणी म्हटलं की मला देहूरोडच्या घरातली आजोबांची पत्रिका आठवते. जन्म मुंबईचा, १९३८, सकाळी ७. पण कुठल्या घड्याळाचे ७? भारतीय प्रमाणवेळ १९०६ला आली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत टिकून होता, ३९ मिनिटं मागे. म्हणजे त्या घड्याळातले ७ तर प्रमाणवेळेचे ७:३९! टाइमझोन डेटाबेसमध्ये मात्र अख्ख्या भारताला एकच 'एशिया/कोलकाता'. लायब्ररी बिचारी ७च धरणार, आणि तेवढ्यात लग्नरास बदलू शकते. पत्रिकेवर विश्वास असो-नसो, यूजरने सांगितलेली वेळ आणि गाव जसंच्या तसं जपा मंडळी. हिशोब पुन्हा करता येतो. पुसलेली मूळ नोंद परत येत नाही.