‘सगळे’

परवा पाळी सुटल्यावर खात्यातल्या एका मराठा दोस्ताला कविता दाखवली. पहिल्याच ओळीत होतं, सगळ्यांनी दार लावून घेतलं. तो म्हणाला, “काळारामाचं दार पुजाऱ्यांनी लावलं. मी कवा लावलं रे? चार माणसं बघून समद्यांचा निकाल लावतो व्हय?”

मी चिडलो. घरी आलो तरी डोक्यातून जाईना.

दोस्तांनो, गिरणीत असला निकाल रोजच लागतो. सुताच्या लॉटमधल्या मूठभर बॉबिनी तपासायच्या, अख्खा लॉट पास की नापास ते सांगायचं. हे चालतं, कारण मिक्सिंग एक, मशीन एक. दुसऱ्या लॉटबद्दल त्या बॉबिनी काही बोलत नाहीत.

मग पंचवटीत काय तपासलं गेलं? २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड राबले, बायाबापड्यांनी मार खाल्ला. वर्षं गेली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. एका देवळावरून? महाडला १९२७ साली दार नव्हतं, पाणी होतं. आपण प्यालो म्हणून त्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. मुंबईच्या गिरण्यांत तर देवही नव्हता. तरी साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, आपल्या माणसाला मज्जाव. का, तर कांडीचा धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. गाव वेगळं, माणसं वेगळी, मिक्सिंग तेच. बाबासाहेबांनी तपासलं ते मिक्सिंग.

पण माणूस म्हंजे बॉबिन नव्हे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडातच मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांनी. जन्मानं ब्राह्मण. ‘सगळे’ लिहायला गेलो की हा एक माणूस आडवा येतो. आणि तसंच, ‘आम्ही हिंदू सगळे एक’ हे वाक्य मोडायला एक बंद दार पुरतं. हे दोस्ताला सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. वर विचारलं, “तू लावलं नाहीस, कबूल. दुसरा लावत होता तवा तू कुठं होतास?”

तो गप्प. डबा पिशवीत घातला, गेटाकडं चालू लागला.

‘सगळ्यांनी’ खोडलाय. ओळ लंगडी झालीय. स्टेन्सिल कापायच्या आत दुसरं काही सुचलं तर बघतो.