जपानी बागेत भात कुठं आहे?

शेणव्याहून पुण्याला जायचं म्हणजे एसटीने शहापूर, तिथून आसनगाव, लोकलने कल्याण आणि मग पुण्याची गाडी. एवढा खटाटोप करून गेलो तो भाचीच्या हट्टापायी. ती पुण्यात जपानी भाषा शिकते. "मामा, तू ये तर खरा. बाग दाखवते, वर चहा करायलाही शिकवते," असं तिने दिवाळीपासून लावून धरलं होतं.

बाग म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. पुणे आणि जपानमधलं ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीखातर केलेलं, 10 एकरांचं. नमुना ओकायामाच्या कोराकुएन बागेचा. तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने ती 1687 साली करायला घेतली आणि 1700 साली पुरी केली.

आमच्या तालुक्यातून तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि वैशाखात आमच्याच काही पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळे शोभेसाठी वाहतं पाणी दिसलं की आधी मनात हिशोबच सुरू होतो. इथलं पाणी जवळच्या कालव्याचं. बागेतून ते इतक्या संथ उताराने नेलंय की एखादं पान वाहत जाताना दिसेपर्यंत ते हलतंय हेच कळत नाही. प्रवाह वळतो तिथे बाहेरच्या अंगाला दगड बसवलेत. भाचीला ती नुसती सजावट वाटली. पण पाणी वळणावर बाहेरचा काठ खातं, म्हणून आम्हीही बांधाच्या सांडीपाशी अशीच दगडं रोवतो. फरक एवढाच की आमची दगडं हाताला लागतील ती, आणि इथली निवडून, कुठली बाजू वर हवी ते बघून बसवलेली.

एका नजरेत सगळी बाग दिसू द्यायची नाही, हीही जपान्यांची रीत. वाट वळते, मध्ये उंचवटा येतो, मग तळं. कुंपणाबाहेरचा डोंगरसुद्धा ते आपल्या चित्रात ओढून घेतात. कोराकुएनमध्ये मिसाओची टेकडी आणि ओकायामाचा किल्ला असा हिशेबात धरलाय. पुण्यातही मागची टेकडी छान दिसते. मात्र लाकडी पुलावर सेल्फीवाल्यांची एवढी झुंबड होती, की टेकडी बघायला थांबलं तर मागून धक्का बसायचा.

चहा भाचीच्या खोलीवर झाला. शहापूरच्या दुकानातही हल्ली ग्रीन टीच्या पुड्या मिळतात. पोट उतरावं म्हणून लोक त्या उकळत्या पाण्यात बुडवून नाक मुरडत पितात. तिच्याकडे होता सेंचा, सुईसारखी वळलेली गडद हिरवी पानं. तोडल्यावर लगेच ती वाफवतात, म्हणून काळी पडत नाहीत. आपली चहापूड त्याच झाडाची, पण ती पानं चिरडून काळी पडू देतात. (परसातला गवती चहा हे वेगळंच प्रकरण, ते गवत.)

तिने पाणी खळखळ उकळलं आणि गॅस बंद केला. ते आधी रिकाम्या पेल्यांत ओतलं, मग दुसऱ्या भांड्यात. एकेका ओतण्यात पाणी आठ-दहा अंशांनी उतरतं. सत्तर-ऐंशीवर आलं की ते बाजूला दांडी असलेल्या छोट्या किटलीत, पानांवर. किटलीचं नाव क्यूसू. झाकण लावून मिनिटभर थांबायचं. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. उकळतं पाणी पानांतला कडूपणा भराभर ओढून घेतं. निवलेल्या पाण्यात कडूपणा कमी उतरतो आणि गोडवा पुढे येतो.

ओतायची तऱ्हा मला सगळ्यात आवडली. एक पेला भरून मग दुसरा, असं नाही. तिन्ही पेल्यांत थोडं थोडं, मग उलट्या क्रमाने पुन्हा थोडं, म्हणजे कुणाच्या वाट्याला पांचट आणि कुणाच्या वाट्याला कडक असं होत नाही. किटली झटकून शेवटचा थेंबही काढायचा, नाहीतर पानं भिजत राहून पुढचा चहा कडवट होतो. मग मी केला. पहिला घोट किंचित खारट लागला, गोडी मागाहून जिभेवर आली. त्याच पानांवर दुसरं पाणी घातलं, जरा जास्त गरम आणि थोडाच वेळ. शेवटी फुललेली पानं मीठ-लिंबू लावून आम्ही खाऊनही टाकली.

चहा पिता पिता भाचीने सांगितलं की 1191 साली चीनहून चहाचं बी जपानात आणणारा एइसाई हा भिक्षू ओकायामाच्याच मुलखातला. कोराकुएन बागेत चहाचा मळा आहे, मे महिन्यात तिथे पानं खुडायचा सोहळा होतो. आणि भाताची खाचरंही आहेत! सरदाराच्या बागेत, तळं आणि हिरवळीच्या शेजारी, भात. जूनमध्ये तिथे रीतसर लावणी करतात.

हे ऐकल्यावर पुण्याची बाग मला अर्धीच वाटायला लागली. हिरवळ आणली, तळं आणलं, मासे आणले, पण भाताचं खाचर काही मला तिथे दिसलं नाही. चहाचा मळा पुण्याच्या उन्हात टिकणं कठीण, ते समजू शकतो. भाताचं काय? पुणे महापालिकेला एवढंच सुचवतो: एका कोपऱ्यात, त्याच कालव्याच्या पाण्यावर, आंबेमोहोराची दोन खाचरं करा आणि आषाढात शाळेच्या पोरांना चिखलात उतरवा. आवणी शिकवायला माणसं हवी असतील तर शेणव्याहून आम्ही येऊ.