भिंतीवरचा कारकून

सोवेटोतल्या एखाद्या स्वयंपाकघरात शिरलात तर भिंतीवर तो दिसेल. जेवणाच्या डब्याएवढा, कधीकाळी पांढरा असलेला, आता बोटं लागून लागून पिवळट पडलेला. कपाळावर अरुंद पडदा, पोटावर बटणं आणि कोपऱ्यात लुकलुकणारा लाल दिवा. घरात वीज जळेल तसा तो दिवा लुकलुकतो. विजेची किटली लावली की त्याला धाप लागते. सगळं बंद केलं की म्हाताऱ्यासारखा मधूनच एखादी पापणी मिटतो.

हा दक्षिण आफ्रिकेतला प्रीपेड विजेचा मीटर. तिथे वीज दुकानातून आणतात. नाक्यावरच्या स्पाझा दुकानात पैसे दिले की पावतीवर २० आकडे छापून मिळतात, चार-चारांचे पाच गट. घरी येऊन ते बटणांवर दाबले की युनिटं जमा.

स्वभावाने हा जुन्या पेढीवरचा कारकून. वीज कंपनीच्या कचेरीशी याचं बोलणं नाही. ना फोन, ना निरोप. बाहेरच्या जगाचं जे काही कळतं ते त्या बटणांतून. तरी याला फसवणं अवघड. वापरलेली पावती पुन्हा दाबून बघा, ढिम्म हलणार नाही. कारण प्रत्येक पावतीच्या पोटात ती विकली गेली ते मिनिट दडलेलं असतं, १ जानेवारी १९९३ पासून मोजत आणलेलं. घेतलेल्या अलीकडच्या पावत्यांची मिनिटं हा लक्षात ठेवतो. त्यातलीच एखादी पुन्हा आली किंवा त्या सगळ्यांहून जुनी आली, की परत. स्वतःजवळ पंचांग असायची त्याला गरजच नाही. नवी पावती म्हणजे मोठा आकडा, एवढ्या एका श्रद्धेवर त्याचा संसार चालतो.

घात झाला तो या श्रद्धेनेच. मिनिटं लिहायला पावतीत जागा होती २४ बिटांची, म्हणजे १,६७,७७,२१६ मिनिटांची. जुन्या स्कूटरचा आकडा सगळे नऊ झाल्यावर शून्यावर येतो, तशी ही मोजणी २४ नोव्हेंबर २०२४ ला शून्यावर येणार होती. त्यानंतर आज सकाळी घेतलेली करकरीत पावतीसुद्धा त्याला १९९३ सालची वाटणार आणि तो ती इमानदारीने नाकारणार. बिघाड म्हणावा तर बिघडलेलं काहीच नाही. आणि ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत जन्मली असली तरी असे कोट्यवधी कारकून आफ्रिका-आशियातल्या अनेक देशांत भिंतींना टेकून उभे होते.

२००० सालच्या संगणकी धास्तीत निस्तरायचं काम प्रोग्रामर मंडळींनी केलं, लोकांनी नुसती वाट पाहिली. इथे ती सोय नव्हती. बटणांखेरीज या गृहस्थाला कान नाहीत, तेव्हा औषध घरच्याच माणसाने द्यायचं. नेहमीच्या पावतीआधी २०-२० आकड्यांचे दोन फुकट कोड, सांगितलेल्या क्रमाने दाबायचे. त्यांनी मीटरची गुप्त किल्ली बदलते, जुन्या पावत्यांची आठवण पुसली जाते आणि पुढची मोजणी २०१४ पासून धरली जाते. म्हणजे लोकांना सांगणं हीच इथे दुरुस्ती होती. तिथली वीज कंपनी एस्कॉम आणि नगरपालिका महिनोन् महिने सांगत राहिल्या.

पण सांगायचं तरी काय? त्या तारखेला दिवे जाणार नव्हते. आधीची युनिटं शिल्लक असेपर्यंत सगळं सुरळीत, आणि ती संपली की नवी पावती चालणार नाही. अंधार झाला की लोडशेडिंग समजून गप्प बसायची सवय आपल्याइतकीच त्यांनाही. शिवाय काही घरं वर्षानुवर्षं पावतीच घेत नव्हती. मीटरला वळसा घालून तार ओढलेली. त्यांच्यापर्यंत पावतीसोबत मिळणारे कोड पोचणार कसे? मुदत संपली तेव्हा लाखो मीटर तसेच राहिले होते.

ज्या घरांत हे काम पार पडलं तिथलं दृश्य डोळ्यांसमोर आणायला कठीण नाही. गोगो, म्हणजे आजी, स्टुलावर चढलेली. नातू पावती उजेडात धरून चार-चार आकडे वाचतोय. तिसऱ्या गटात गोगोचं बोट चुकतं. पुन्हा पहिल्यापासून. पहिला कोड, दुसरा कोड, मग विकत घेतलेली वीज. एकूण ६० आकडे. ही मोजणी पुन्हा भरेल २४ नोव्हेंबर २०४५ ला. तेव्हा पावती वाचायला त्या पोराला चष्मा लागलेला असेल.

"काय झालं होतं रे याला?" गोगो खाली उतरत विचारते.

"काही नाही गं, जुनं फार लक्षात ठेवत होता."

गोगो मीटरकडे एकदा बघते आणि किटली लावते. कोपऱ्यातल्या लाल दिव्याला पुन्हा धाप लागते.